सर घरी कधी पोहोचतात?

मुलांच्या स्काऊट-गाइड पथकामागे एक बिनपगारी माणूस उभा असतो. तो किती वर्षे उभा राहील, हे बरेचसे आपल्या घरांवर अवलंबून असते.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. शाळेच्या फाटकापाशी एकच दिवा जळत होता. चार दिवसांच्या शिबिराहून परतलेली मुले केव्हाच आपापल्या घरी गेली होती. उरली होती फक्त तीन मुले, तंबूंच्या पिशव्यांचा ढीग आणि त्या ढिगाला टेकून उभे असलेले सर. त्या तिघांपैकी एक माझा मुलगा होता.

बस साडेसातला येणार, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या संध्याकाळी एक निकाह होता. "सर आहेतच की तिथे," असे म्हणत आम्ही निवांत जेवून निघालो. मी पोहोचले तेव्हा सरांनी नेहमीसारखा हसून सलाम केला आणि म्हणाले, "काही हरकत नाही, भाभी."

घराकडे येताना मुलगा हळूच म्हणाला, "अम्मी, सरांच्या घरून पाच वेळा फोन आला. त्यांच्या छोट्या मुलीला ताप आहे. ते म्हणत होते, अजून तीन पोरं उभी आहेत, ती गेली की निघतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तरीही, खरे सांगायचे तर, पुढच्या शनिवारी मी पुन्हा वीस मिनिटे उशिराच गेले. लाज वाटणे आणि सवय बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सहा महिन्यांनी सरांचा निरोप आला, "पुढच्या वर्षी मला पथक चालवता येणार नाही." पालकांची सभा भरली. बहुतेकांचा सूर नाराजीचा होता. मुलांचा तृतीय सोपान अर्धवट राहणार, आता दुसरा माणूस कुठून आणायचा, असे अर्ध्यातच सोडायचे होते तर सुरू कशाला केले? सर मान खाली घालून ऐकत होते. तेवढ्यात मागच्या ओळीत बसलेल्या त्यांच्या पत्नी उठल्या.

"आठ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलांचा एकही शनिवार यांनी चुकवला नाही. माझ्या मुलांचे किती चुकले, ते कुणी विचारलं नाही."

सभा गप्प झाली. हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे.

हा माणूस असतो तरी कोण?

आपल्याकडे बहुतेक पथके शाळांमधून चालतात. स्काऊट मास्तर किंवा गाइड कॅप्टन म्हणजे गणित, भूगोल शिकवणारेच एखादे शिक्षक असतात. वर्ग, पेपर तपासणी, निवडणुकीची कामे हे सगळे सांभाळून ते पथक चालवतात. काही पथके मात्र शाळेबाहेरची, खुली असतात. रेल्वेच्या वसाहतींमध्येही अशी परंपरा आहे. आमचे सर शिक्षक नाहीत. ते एका पतपेढीत कारकून आहेत. मैदान शाळेचे, मुले मोहल्ल्यातली आणि मेहनत सरांची.

ही चळवळ 1907 मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर भरलेल्या एका छोट्या शिबिरातून सुरू झाली. लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी श्रीमंत आणि कष्टकरी अशा दोन्ही घरांतली वीसेक मुले एकत्र तंबूत ठेवली. पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक आले आणि गंमत अशी झाली की, ते वाचून मुलांनी स्वतःच गट बनवले व मग आपल्याला शिकवणारी मोठी माणसे शोधत ती हिंडू लागली. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी परिस्थिती तशीच आहे. मुले भरपूर मिळतात. कमतरता असते ती वेळ देणाऱ्या मोठ्या माणसांची.

भारतात 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था उभी राहिली. पुढच्या वर्षी गर्ल गाइड्सही तिच्यात सामील झाल्या. लहान मुले कब, मुली बुलबुल; दहा वर्षांपुढे स्काऊट आणि गाइड; त्याहून मोठे झाले की रोव्हर आणि रेंजर. प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशा पायऱ्या मुले चढत जातात. पायऱ्या मुलाच्या नावावर असतात, पण प्रत्येक पायरीशी हात धरायला कोणीतरी उभे असते.

हे काम ज्याला-त्याला जमेल असे नाही. पथक चालवणाऱ्याला बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असे निवासी वर्ग करावे लागतात. त्याच्याही पुढे हिमालय वुड बॅज असतो. गळ्यात दोन लाकडी मणी घातलेले स्काऊटर दिसले, तर समजावे की या माणसाने आपल्या सुट्ट्या खर्चून हे शिक्षण घेतले आहे. या प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. आमचे सर तिथे गेले ते आपली अर्जित रजा टाकून. त्या रजेत त्यांच्या मुलांना आजोळी जायचे होते.

सभेनंतर आम्ही काही जणींनी सरांच्या वेळेचा हिशेब मांडला. शनिवारची भेट दोन तास, तिची तयारी एक तास, फोन, अर्ज आणि नोंदवह्या मिळून आणखी एक तास. आठवड्याला चार तास, वर्षातले चाळीस आठवडे, म्हणजे 160 तास. आठ तासांचा दिवस धरला तर वीस दिवसांची मजुरी. यात शिबिराचे दिवस आणि पदभ्रमणाचे रविवार धरलेच नव्हते. आणि आम्ही? आम्ही वर्षाला एकदा गुलाबाचे फूल आणि शाल देत होतो.

आधी वेळ पाळा

सरांना मदत म्हणजे काय, असे विचारले की लोकांचा हात खिशाकडे जातो. पैसे लागतात, नाही असे नाही. पण सरांना विचारले तेव्हा त्यांनी पहिली मागणी केली ती घड्याळाची. "मुलाला वेळेवर आणा आणि वेळेवर न्या. एवढं केलंत तर माझं निम्मं ओझं उतरेल."

हिशेब सोपा आहे. सत्तावीस घरांपैकी तीन घरांनी अर्धा-अर्धा तास उशीर केला, तर प्रत्येक घराला वाटते की आपण अर्धा तासच घेतला. पण तो अर्धा तास दर शनिवारी एकाच माणसाच्या संसारातून जातो. आपल्याकडे वायद्याला मोठी किंमत आहे. उसने घेतलेले पैसे आपण मुदतीत परत करतो. दुसऱ्याचा वेळही अमानतच आहे.

खरोखर अडचण आली तर फोन करावा आणि शेजारच्या मुलाच्या घरच्यांना आणायला सांगावे. आम्ही आता गल्लीनुसार तीन-चार घरांच्या जोड्या केल्या आहेत. एकजण अडला तर दुसरा सगळी मुले आणतो.

जे आहे ते स्पष्ट सांगा

दम्याचा त्रास, फिट येणे, शेंगदाण्याची ॲलर्जी, अंथरूण ओले होणे, झोपेत चालणे, पाण्याची भीती. आपण या गोष्टी लपवतो. मुलाला शिबिराला नेणार नाहीत, किंवा चारचौघांत बोभाटा होईल, अशी भीती असते. पण रात्री दोन वाजता तंबूत मूल धापा टाकू लागले आणि सरांना काहीच माहीत नसेल, तर काय होईल याचा विचार करावा.

संमतिपत्र हे फक्त सही करून पाठवायचे कागद नव्हे. त्यावर रक्तगट, चालू औषधे, औषध द्यायची वेळ आणि दोन चालू फोन नंबर लिहावेत. लाजेची वाटणारी गोष्ट सरांच्या कानात एकट्याला सांगावी. एका मुलाच्या आईने तसे सांगितले होते. सरांनी त्या मुलाची झोपायची जागा तंबूच्या दाराशी ठेवली आणि पहाटे सगळ्यांच्या आधी त्याला उठवले. चार दिवसांत कुणाला कळलेही नाही.

एक घर, एक काम

सभेच्या शेवटी एका आजोबांनी वही काढली आणि म्हणाले, "पथक सरांनी चालवावं. पण बाकीचं कोण करतं, ते आधी लिहू." यादी निघाली ती अशी : मुलांची वर्गणी गोळा करणे, जमाखर्च लिहिणे, बसची चौकशी, शिधा आणणे, तंबू वाळवून घड्या घालणे, प्रथमोपचार पेटीतल्या औषधांच्या तारखा तपासणे, परवानगीच्या पत्रांच्या झेरॉक्स, निरोप देणे. यातल्या एकाही कामाला प्रशिक्षण लागत नाही. आणि ही सगळी कामे सर एकटे करत होते.

सत्तावीस घरांपैकी अकरा घरांनी त्या दिवशी नाव लिहिले. अकराच! पण अकरा पुरेसे ठरले. आमच्या पेठेतल्या शिवणकाम करणाऱ्या भाभींनी फाटलेले तंबू शिवायचे घेतले. निवृत्त परिचारिका असलेल्या एका आजींनी झोळीबंध आणि जखम बांधणे शिकवण्यासाठी दोन शनिवार दिले. रिक्षा चालवणाऱ्या एका अब्बांनी सांगितले, "मला लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण सामान वाहीन." शिबिराच्या आदल्या दिवशीची त्यांची ती फेरी आजपर्यंत चुकलेली नाही.

पैशाचा हिशेब सरांच्या हातून काढून दोन पालकांकडे द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. 'खरी कमाई'च्या दिवशी मुले वडापाव, सरबत, भेळ विकतात, कुणाच्या अंगणाची सफाई करून चार रुपये कमावतात. ती रक्कम लहान असते, पण बोलणाऱ्यांची तोंडे मोठी असतात. पावत्या आणि वही दोघांच्या सहीने राहिली, तर प्रामाणिक माणसावर शिंतोडा उडत नाही. हा सरांवरचा अविश्वास नाही, उलट त्यांच्या इज्जतीचे संरक्षण आहे.

नमाज, रोजा आणि शिबिराचा स्वयंपाक

काही घरे मुलांना शिबिराला पाठवायला बिचकतात. जेवण कसले असेल, नमाजाचे काय, रमजान आला तर? प्रश्न रास्त आहेत. पण ते निघायच्या आदल्या रात्री विचारले, तर सर काय करणार? महिनाभर आधी बोलले, तर बहुतेक अडचणी सुटतात. जिल्ह्याच्या मेळाव्यात सगळ्या समाजांची मुले येतात. तिथे जेवण साधे शाकाहारी ठेवले तर सगळ्यांचीच सोय होते. तारखा ठरण्याआधी पालकांनीच चंद्राचे महिने आणि परीक्षांचे वेळापत्रक सरांच्या हाती द्यावे. नमाजाच्या वेळी मुलांना एकत्र करायला एखादे वडील किंवा मोठा भाऊ सोबत गेला, तर सरांचे लक्ष दोन ठिकाणी विभागत नाही.

स्काऊटच्या वचनातच ईश्वराविषयीचे आणि देशाविषयीचे कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊट नियमांचे पालन हे सारे एकत्र येते. सभासदसंख्येने जगातली सर्वांत मोठी स्काऊट संघटना इंडोनेशियात आहे. तिला तिथे 'प्रामुका' म्हणतात. आणि आपल्यापैकी जे हजला जाऊन आले आहेत त्यांना आठवत असेल, मिनाच्या एकसारख्या दिसणाऱ्या तंबूंमध्ये वाट चुकलेल्या हाजींना हात धरून मुक्कामी पोहोचवणारी सौदी स्काऊट मुले. ती मुले आकाशातून पडली नाहीत. त्यांनाही कुणीतरी नकाशा वाचायला आणि वृद्धांशी अदबीने बोलायला शिकवले आहे.

विश्वास ठेवा, प्रश्नही विचारा

साथ देणे म्हणजे डोळे मिटून मूल सोपवणे नव्हे. विशेषतः मुलींच्या बाबतीत. मुक्कामाच्या ठिकाणी महिला कॅप्टन किती आहेत, झोपण्याची आणि न्हाणीघराची सोय कशी आहे, जवळचा दवाखाना कुठे, हे विचारणे पालकांचा हक्कच आहे. जागतिक स्काऊट संघटनेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र धोरण केले आहे. कोणत्याही मोठ्या माणसाने मुलासोबत बंद जागेत एकटे असू नये, किमान दोन प्रौढ हजर असावेत, हा त्यातला साधा आणि मोलाचा दंडक सगळीकडे पाळला जावा.

पण दुसरा प्रौढ आणायचा कुठून? तो आपल्या घरातूनच जायला हवा. आमच्याकडे मुलींचे शिबिर दोन वर्षे रद्द झाले, कारण कॅप्टन मॅडमबरोबर मुक्कामाला यायला एकही आई तयार नव्हती. सगळ्या जणी म्हणत होत्या, "सोय नीट नाही." सोय म्हणजे आम्हीच होतो. तिसऱ्या वर्षी मी आणि आणखी एक आई गेलो. घरी दोन दिवस नवऱ्याने चहा-खिचडीवर भागवले, कुणी उपाशी राहिले नाही. आणि बारा वर्षांच्या मुलींनी तीन दगडांच्या चुलीवर केलेला करपलेला भात आम्ही अशा चवीने खाल्ला की काय सांगू!

मुलाचे काम मुलालाच करू द्या

सर एकदा हसत म्हणाले होते, "मुलांना गाठी शिकवणं सोपं आहे, आयांना गाठ न मारू देणं कठीण."

चूक आमचीच होती. नोंदवही आम्ही सजवायचो, गणवेशाची इस्त्री आम्ही करायचो, पिशवी आम्ही भरायचो. मग शिबिरात मुलाला स्वतःचा मोजा सापडत नसे आणि सरांना सत्तावीस मुलांचे मोजे शोधावे लागत. मूल घरी ताट उचलत असेल, स्वतःची पिशवी स्वतः भरत असेल, स्कार्फ स्वतः धुऊन घडी करत असेल, तर पथकातले एक काम आपोआप हलके होते. सहा ते आठ मुलांचा संघ असतो आणि त्याचा नायकही त्यांच्यातलाच एक असतो. त्याला घरी जबाबदारीची सवय असेल, तर तो मैदानात सरांचा उजवा हात होतो.

आणि कृपा करून दर वेळी "याचे दहावीला किती मार्क मिळतात?" असे विचारू नका. पहिल्यांदा विचारले तर सर उत्तर देतात. दहाव्यांदा विचारले की त्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसतो.

तक्रार असेल तर

सरही माणूसच आहेत. चुका होणार. मुलाला लागले, सामान हरवले, एखाद्या मुलावर अन्याय झाला असे वाटले, तर बोलायलाच हवे. पण कुठे? आमच्या व्हॉट्सॲप गटात एका रात्री सरांवर चाळीस संदेश पडले. कारण होते एक हरवलेली पाण्याची बाटली. सकाळी ती बाटली त्याच मुलाच्या दप्तरात सापडली. चाळीस संदेश टाकणाऱ्यांपैकी माफीचा संदेश दोघांनीच टाकला.

तेव्हापासून आम्ही ठरवले आहे की, रात्री तक्रार लिहायची नाही. दुसऱ्या दिवशी समोर भेटून, मुलांच्या गैरहजेरीत आणि शांतपणे बोलायचे. बाब मुलाच्या सुरक्षिततेची असेल तर मात्र क्षणभरही थांबायचे नाही. तेव्हा सरांशी, गरज पडल्यास त्यांच्या वरिष्ठांशी किंवा पोलिसांशी लगेच बोलायचे. आणि मुलासमोर सरांची खिल्ली कधीच उडवायची नाही. रात्रीच्या जेवणावर ज्या माणसाची आपण टिंगल करतो, त्याचे ऐक असे मुलाला शनिवारी सांगता येत नाही.

सरांचेही घर असते

सभेत भाभी बोलल्या नसत्या तर आम्हाला हे कधी दिसलेच नसते. आपण आभार सरांचे मानतो. पण जो वेळ मिळतो तो त्यांच्या घरच्यांनी सोडलेला असतो. बाजारहाट एकटीने करणारी पत्नी, औषधाची वाट पाहणारी आई, "अब्बा कधी येणार?" विचारणारी मुले यांचाही त्यात वाटा असतो.

म्हणून आता शिबिर चालू असताना आमच्यापैकी एक घर सरांच्या घरची विचारपूस करते. आजोबांचे औषध आणायचे आहे का, मुलीला शिकवणीला सोडायचे आहे का? मोठे काही नाही. गेल्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा भाभी म्हणाल्या, "आपा, डब्याची गरज नव्हती. पण तुम्ही आलात, बरं वाटलं." वर्षातला एक महिना पथकाला सुट्टी असावी, हेही आम्हीच ठरवले. सर नको म्हणत होते. आम्ही ऐकले नाही.

सर थांबले का?

सरांनी पथक सोडले नाही, पण पूर्वीसारखे एकट्याच्या खांद्यावरही घेतले नाही. अट घातली की, दोघांनी बेसिकचा वर्ग करावा. एक तरुण काका आणि कॉलेजात शिकणारा एक जुना स्काऊट तयार झाले. आता महिन्यातले दोन शनिवार सर घरी असतात. कामाची यादी दर जूनमध्ये नव्याने लिहिली जाते. अकराची घरे यंदा चौदा झाली. उरलेली तेरा अजून "बघू" म्हणतात. त्यांच्यावर राग नाही. दोन वर्षांपूर्वी मीही त्यांच्यातच होते.

परवा शिबिराची बस आली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. फाटकापाशी खुर्ची टाकून एक पालक यादी घेऊन बसले होते. मूल आले, नेणारा आला, नावापुढे खूण झाली. तंबूंच्या पिशव्या रिक्षात चढल्या. सर सवयीने मागे रेंगाळले, तेव्हा यादीवाल्या चाचांनी मान वर केली.

"सर, तुम्ही निघा. दोन पोरं राहिलीत, मी आहे इथे."

सर क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि ते घराकडे निघाले. सव्वाआठला भाभींचा मला फोन आला. त्या एवढेच म्हणाल्या, "पोहोचले."